शब्दचर्चा: ‘जंपसीटवर बसणं’ आणि ‘जंपसीटने जाणं’

मूळ प्रश्न

विमानसेवेवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे आणि एकाच वाक्यापाशी दोन दिवस अडले आहे. फ्लाइट अटेंडंटना जंपसीटवर बसू द्यावं की नाही, असा त्या लेखाचा विषय. मी सरळ लिहून टाकलं, ‘हवाई सेविकांना जंपसीटवर बसू द्यावे का?’ आणि घरात मोठ्याने वाचून दाखवलं. लगेच विचारणा झाली, ‘म्हणजे आत्ता त्या उभ्यानेच जातात?’

दोष ऐकणाऱ्याचा नाही, माझ्या वाक्याचा आहे. जंपसीट म्हणजे विमानाच्या दाराजवळ भिंतीला बसवलेली, उठलं की आपोआप मिटणारी सीट. ती मुळात केबिन क्रूसाठीच असते. विमान उडताना आणि उतरताना त्यांनी तिथे पट्टे बांधून बसायचं असतं. मग ‘बसू द्यावे का’ याला अर्थ काय उरला?

लेखातला वाद वेगळाच आहे. एखादी हवाई सेविका त्या दिवशी कामावर नाही. तिला घरी जायचंय, किंवा जिथून तिची ड्यूटी सुरू होते त्या शहरी पोचायचंय. विमान प्रवाशांनी भरलेलं आहे, पण एक जंपसीट मोकळी आहे. तिला तिथे बसून जाऊ द्यावं का? इंग्रजीत एकाच शब्दाने ती सीटही कळते, ही सवलतही कळते, आणि गरज पडली की त्याच शब्दाचं क्रियापदही होतं. मराठीत हे कसं सोडवायचं?

प्रतिसाद १

‘घडीची खुर्ची’ म्हणा की. सगळ्यांना कळतं.

मूळ प्रश्नकर्ती

घडीची खुर्ची उचलून दुसरीकडे मांडता येते. ही भिंतीला जखडलेली असते. ‘घडीची बैठक’ जास्त जवळचं वाटतं, पण त्याने फक्त वस्तू कळेल, सवलत नाही.

प्रतिसाद २

शब्दाचा प्रवास सांगतो, कारण त्यातून एक गोष्ट उलगडते. ‘जंपसीट’ विमानापेक्षा बराच जुना. १८६०च्या दशकात अमेरिकेत घोडागाडीतल्या हलवता येणाऱ्या जादा सीटला हे नाव होतं. पुढे मोटारी आल्या, तेव्हा पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे उघडणाऱ्या घडीच्या सीटला तेच नाव मिळालं. लंडनच्या काळ्या टॅक्सीत मागे तोंड करून बसायच्या तशा सीट आजही असतात. म्हणजे विमानात येण्याआधी या शब्दात ‘वेळेला कामी येणारी जादा जागा’ हा भाव मुरलेला होता. विमानात मात्र ती ठरलेल्या माणसाची, ठरलेल्या कामाची जागा झाली. तुमच्या लेखातल्या भांडणाचं मूळ मला इथे दिसतं. एक बाजू शब्द जुन्या अर्थाने वापरते (जागा रिकामी आहे, बसू द्या) आणि दुसरी नव्या अर्थाने (ती कामाची जागा आहे, प्रवासाची नव्हे).

‘जंप’वरून ‘उडी-आसन’ असं काही कृपया करू नका. वाचणाऱ्याला वैमानिक हवाई छत्री घेऊन बाहेर पडतोय असं वाटेल.

प्रतिसाद ३

मी आठ वर्षं केबिन क्रूमध्ये होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, ती सीट ‘जादा’ म्हणून कुठेही लावलेली नसते. अमेरिकेच्या नियमांत तिचं वर्णन फार नेमकं आहे: केबिनच्या जमिनीच्या पातळीवरच्या आपत्कालीन दाराजवळ हवी, तिथून केबिन थेट दिसायला हवी, कमरेच्या पट्ट्याबरोबर खांद्यांचे पट्टे हवेत, आणि वापरात नसताना तिने दाराची किंवा वाटेची अडवणूक करता कामा नये. शेवटची अट पुन्हा वाचा. ती मिटते ते या अटीसाठी. प्रवाशाला मात्र त्यातलं फक्त मिटणं दिसतं.

दुसरी गोष्ट, विमान धावपट्टीवर वेग घेतं तेव्हा आम्ही तिथे नुसत्या बसून नसतो. त्या अर्ध्या मिनिटात मनातल्या मनात उजळणी चालते. माझं दार कोणतं, ते कसं उघडायचं, बाहेर आग असेल तर कुठे वळवायचं, कोणता प्रवासी धडधाकट आहे, कोणाला आधार लागेल. ४४ पेक्षा जास्त आसनांचं विमान मंजूर करताना ते निम्म्या दारांतून ९० सेकंदांत रिकामं होतं हे दाखवून द्यावं लागतं. ते ९० सेकंद त्या सीटपासून सुरू होतात.

आणि तिसरी गोष्ट थेट तुमच्या प्रश्नाची. कामावर नसलेली विमान परिचारिका मोकळ्या जंपसीटवर बसली तर नुकसान कोणाचं? अमेरिकेत साधारण दर ५० आसनांमागे एक परिचारिका, एवढीच किमान अट आहे. १५० जणांच्या विमानात तिघी. धूर भरला, एखादं दार अडकलं, तिघींपैकी एक जखमी झाली, तर शेजारी बसलेली, दार उघडायचं प्रशिक्षण घेतलेली चौथी बाई म्हणजे ओझं नव्हे. मी स्वतः अशी कितीदा गेले आहे. पाठ सरळ, मागे रेलायची सोय नाही, मांडीखाली जेमतेम हातभर जागा. चार तासांनी उतरल्यावर कंबर बोलायला लागते. तरी त्या प्रवासात मी कधी डुलकी काढली नाही. त्या सीटवर बसलं की शरीर आपोआप कामावर येतं.

आम्ही आपापसात ‘जंपसीटवर होते’ म्हटलं तर त्या दिवशी ती कामाला होती असा अर्थ, आणि ‘जंपसीटने आले’ म्हटलं तर सुट्टीत मोकळ्या सीटवर बसून आली असा अर्थ. कोणी शिकवलं नव्हतं.

मूळ प्रश्नकर्ती

ताई, तुमच्या शेवटच्या दोन ओळींनी माझं निम्मं काम केलं. ‘-वर’ आणि ‘-ने’! एका प्रत्ययात जागा, दुसऱ्यात साधन. ‘गाडीवर आहे’ म्हणजे कामाला, ‘गाडीने आला’ म्हणजे प्रवास. मराठीत हा भेद आयता पडून असताना मी नवा शब्द शोधत बसले होते.

मात्र ‘बसणे’ हे क्रियापद मला अजून छळतं. ‘विमानात बसलो’ म्हणजे निघालो, प्रवासाला लागलो. ‘खुर्चीत बसलो’ म्हणजे नुसता टेकलो. माझ्या पहिल्या वाक्यात ऐकणाऱ्याने दुसरा अर्थ घेतला, मला पहिला हवा होता.

प्रतिसाद ४

एवढ्या सहज ‘हो’ म्हणू नका. जंपसीट दोन ठिकाणी असते आणि तुमच्या चर्चेत ती दोन्ही मिसळली आहेत. एक केबिनमधली, दुसरी कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या मागे. कॉकपिटमधलीचं नियमांतलं नाव ‘निरीक्षकाची सीट’ असं आहे, कारण ती तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी असते. मराठीत तीच संज्ञा घ्या, ‘निरीक्षकाचं आसन’. त्या सीटबद्दल माझं मत कडक आहे.

७ एप्रिल १९९४ रोजी फेडेक्सच्या ७०५ क्रमांकाच्या मालवाहू विमानात असाच सवलतीने बसलेला, त्याच कंपनीचा कर्मचारी हातोड्या आणि मासे मारायचा भाला घेऊन वैमानिकांवर तुटून पडला. विमान चालवणारे तिघेही गंभीर जखमी झाले, तरी त्यांनी विमान मेम्फिसला परत उतरवलं. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या होरायझन एअरच्या विमानात मागच्या सीटवरच्या, कामावर नसलेल्या वैमानिकाने आग विझवायचे, इंजिनं बंद करणारे दांडे ओढायचा प्रयत्न केला. दोघंही ओळखपत्र असलेली आपलीच माणसं होती. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेत त्या सीटसाठी ओळख आणि नोकरी दोन्हींची संगणकावर खातरजमा करायची पद्धत आली. तरी २०२३ ची घटना घडलीच, कारण त्या पडताळणीत माणूस कोण ते कळतं, त्याची त्या दिवशीची मनःस्थिती कळत नाही.

प्रतिसाद ३

भीती खरी आहे, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही घटनांत परिचारिका नव्हती, उड्डाण दलातली माणसं होती. आणि अमेरिकेत एक वैमानिक स्वच्छतागृहात जायला बाहेर आला की आत कोणाला पाठवतात? परिचारिकेलाच. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्ज ९५२५ हे विमान सहवैमानिकाने एकट्याने आत कोंडून घेऊन मुद्दाम पाडलं, त्यानंतर युरोपातही काही काळ हीच पद्धत सुचवली गेली. म्हणजे कामावर असताना बंद दारामागे विश्वासाची, आणि सुट्टीत तीच बाई संशयाची? मग आक्षेप बाईवर नाही, तिच्या सुट्टीवर आहे, असं स्पष्ट लिहा.

प्रतिसाद ४

हे मान्य. शब्द बदलतो. आक्षेप कामावर नसलेल्या कोणाच्याही कॉकपिटमध्ये बसण्यावर आहे, वैमानिक असो की परिचारिका. केबिनमधल्या सीटला माझी हरकत नाही. न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरच्या बोइंग ७३७ मॅक्स विमानाचं नाक सारखं खाली जात होतं, तेव्हा कॉकपिटमध्ये बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाची मदत झाली आणि विमान जकार्ताला पोचलं. दुसऱ्या दिवशी तेच विमान समुद्रात कोसळलं, तेव्हा तो तिसरा माणूस आत नव्हता.

प्रतिसाद ५

थोडं विषयांतर वाटेल, पण शब्दाचंच आहे. ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोत युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला ओढत बाहेर काढलं, ते आठवत असेल. लुईव्हिलला चार कर्मचारी पोचवायचे होते म्हणून चार सीट हव्या होत्या. तेव्हा सगळीकडे एकच सवाल होता, ‘त्यांना जंपसीटवर का नाही बसवलं?’ आता या चर्चेनंतर उत्तर सोपं वाटतं. लहान विमान, केबिनमधल्या जंपसीटवर त्याच फेरीचे कर्मचारी. शिवाय ते चौघं सुट्टीत नव्हते, पुढच्या फेरीसाठी कंपनीनेच पाठवलेले होते. याला इंग्रजीत ‘डेडहेड’ म्हणतात. तोही जुना शब्द, नाटकाला किंवा रेल्वेत पैसे न देता बसणाऱ्याला एकोणिसाव्या शतकात वापरायचे. भाषांतरात या दोघांना एका शब्दात कोंबू नका. डेडहेड म्हणजे ‘कामानिमित्त पाठवणी’, जंपसीटने जाणं म्हणजे ‘स्वतःच्या सोयीने प्रवास’. पहिल्याला कंपनी जागा देते, दुसऱ्याला जागा उरली तर मिळते.

प्रतिसाद १

आणि त्या ‘सोयीच्या’ प्रवासाचा थकवा? १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोल्गन एअरच्या ३४०७ विमानाचा अपघात झाला, ५० माणसं गेली. सहवैमानिक आदल्या रात्री सिअॅटलहून अशाच सवलतीने, मालवाहू विमानांनी मजल दरमजल करत नेवार्कला आली होती. सवलत दिली म्हणून लोक कामाच्या गावापासून हजारो किलोमीटरवर राहायला लागतात.

प्रतिसाद ३

हे मला सर्वांत जास्त लागलं, कारण मीही तशीच राहायचे. पण जंपसीट बंद केल्याने बाई कामाच्या शहरात घर घेऊ शकेल असं नाही, ती आदल्या दिवशीच निघेल आणि विमानतळावर खुर्चीत झोपेल. थकव्याचं उत्तर पगार आणि वेळापत्रकात शोधायला हवं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन निर्णय घेतले आहेत.

एक, ‘हवाई सुंदरी’ तर लिहिणार नव्हतेच, आता ‘हवाई सेविका’ही काढून ‘विमान परिचारिका’ करते. १९३० साली एलन चर्च ही अमेरिकेतली पहिली फ्लाइट अटेंडंट झाली, ती शिकलेली नर्स होती आणि सुरुवातीच्या सगळ्याच जणी नर्स असाव्यात अशी अट होती. ‘परिचारिका’ त्या इतिहासाला धरून आहे. आणि ताईंनी सांगितलेलं ९० सेकंदांचं काम ‘सुंदरी’ या शब्दात कुठेच मावत नाही.

दोन, ‘जंपसीट’ तसाच ठेवते, स्त्रीलिंगी, पहिल्या वेळी ‘दाराजवळची घडीची बैठक’ असा खुलासा देऊन. कॉकपिटमधलीला ‘निरीक्षकाचं आसन’. सवलतीसाठी ‘मुभा’, ‘हक्क’ नव्हे, कारण कॅप्टन नाही म्हणू शकतो. ‘बसू देणे’ऐवजी मला ‘बसवून नेणे’ सापडलं. यात कर्ता नेणारा होतो, जबाबदारीही त्याच्याकडे जाते, आणि ‘आत्ता उभ्यानेच जातात का’ हा प्रश्न उरत नाही.

वाक्य आता असं आहे: ‘कामावर नसलेल्या विमान परिचारिकेला केबिनमधल्या मोकळ्या जंपसीटवर बसवून नेण्याची मुभा कॅप्टनला असावी का?’

प्रतिसाद ३

असावी.