'दूरस्थ आवक' म्हणजे कोणाची आवक?

प्रश्न : व्हिडिओ कॉलच्या दर्जावरची एक पुस्तिका मराठीत लिहितोय. वेबआरटीसीच्या (ब्राउझरमधून थेट कॉल करण्याच्या तंत्राच्या) गेटस्टॅट्समधून, म्हणजे कॉलची आकडेवारी देणाऱ्या सोयीतून, आवाज-चित्राच्या प्रवाहाच्या चार नोंदी मिळतात : इनबाउंड, आउटबाउंड, रिमोट-इनबाउंड, रिमोट-आउटबाउंड. पहिल्या दोन्हींना आवक-जावक चपखल बसतं. पण 'दूरस्थ आवक' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, दुरून माझ्याकडे आलेलं ते. अर्थ पार उलटा होतो. काय लिहावं?

– आवक-जावक सोडू नका, ग्रामपंचायतीच्या वहीपासून ही जोडी सगळ्यांना ठाऊक आहे. बदला 'दूरस्थ'. रिमोट हे प्रवाहाचं विशेषण नाहीच, ते मोजणाऱ्याचं आहे. माझ्या आवाजाची किती पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) निघाली हे माझा ब्राउझर मोजतो. वाटेत किती गळाली हे मात्र त्याला आपलं आपण कळत नाही. ते पलीकडचं टोक मोजतं आणि आरटीसीपीच्या (प्रवाहाची खबर देणाऱ्या सोबतच्या संदेशांच्या) रिसीव्हर रिपोर्टमधून, म्हणजे घेणाऱ्याच्या अहवालातून, कळवतं. तीच रिमोट-इनबाउंड. प्रवाह माझा, मोजमाप त्यांचं. म्हणून 'पलीकडची आवक'. जोडी लावायला आपली जावक आणि पलीकडची आवक या दोन्ही नोंदींवर एकच एसएसआरसी क्रमांक (प्रवाहाचा ओळख क्रमांक) असतोच.

– 'पलीकडची' पटलं. पण कुठेही 'समोरच्या व्यक्तीची' होऊ देऊ नका, कळकळीनं सांगतो. ग्रुप कॉलमध्ये बहुधा मध्ये सर्व्हर असतो आणि पलीकडचं टोक म्हणजे तोच. मी पुण्यात बोलतोय, ऐकणारी नागपुरात आहे. तिच्या वायफायवर माझे शब्द तुटत असले तरी माझ्याकडे पलीकडच्या आवकेत गळती शून्य दिसू शकते, कारण सर्व्हरपर्यंत सगळं नीट पोचलेलं असतं. खरी गळती तिच्याच ब्राउझरच्या आवकेत सापडेल. शब्द चुकला तर माणूस भलतीकडेच बिघाड शोधत बसतो.

– रिसीव्हर रिपोर्टला 'पोच' चालेल?

– नको. पोच कागदागणिक मिळते. हा अधूनमधून येणारा गोषवारा आहे : मागच्या अहवालानंतर २५६ पैकी किती भाग गळाला, एकूण गळती किती, जिटर (पॅकेटं पोचण्याच्या वेळेतला चढउतार) किती. शिवाय तुमचा शेवटचा सेंडर रिपोर्ट (पाठवणाऱ्याचा अहवाल) कोणता मिळाला आणि तो मिळून किती वेळ झाला, हेही त्यात असतं. त्यामुळे अहवाल हाती आल्याच्या वेळेतून सेंडर रिपोर्ट निघाल्याची वेळ आणि पलीकडे थांबण्यात गेलेला वेळ वजा केला की जाऊन-येऊन किती लागला ते निघतं. दोन्हीकडची घड्याळं जुळवावी लागत नाहीत. फार सुंदर युक्ती आहे ही. 'अहवाल' म्हणा.

– तक्त्यात 'कोणी मोजलं' आणि 'केव्हाचं' हे रकाने ठेवाच. आपली जावक या क्षणाची असते, पलीकडची आवक शेवटचा अहवाल आला तेव्हाची. पाठवलेल्यातून गळालेली सरळ वजा केली तर उत्तर चुकतं. तेच पॅकेट दोनदा पोचलं तर एकूण गळती ऋणही येऊ शकते.

प्रश्नकर्ता : 'आपली जावक, पलीकडची आवक' पक्कं करतो. 'जिटर' तसाच ठेवू?

– ठेवा. फक्त एकक लिहा : अहवालात तो प्रवाहाच्या घड्याळाच्या ठोक्यांमध्ये येतो, व्हिडिओसाठी सहसा सेकंदाला ९०,०००, गेटस्टॅट्स मात्र सेकंदांत देतं.