आईची गाडी बंद, फुटपाथाचा उतार मंजूर: काउंटीने अनुदान कोणाला द्यावं?

वांगीभात:
न्यू जर्सीत राहते. काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण माणसांशी नाही, निर्णयाशी आहे.

आई ७४ वर्षांची, गेली सहा वर्षं आमच्याकडे. पुण्यात पीएमटीने सगळं शहर पालथं घालणारी बाई इथे येऊन खिडकीशी बसली, कारण गाडी चालवता येत नाही आणि पायी जाण्यासारखं जवळ काही नाही. मग एका छोट्या सेवाभावी संस्थेची गाडी सापडली. चालवणारे बहुतेक निवृत्त लोक. दवाखाना, औषधांचं दुकान, वाणसामान, गुरुवारी लायब्ररी. त्या गाडीत आईने दोन गुजराती आणि एक पोलिश मैत्रीण जमवली. पोलिश बाईंशी ती कोणत्या भाषेत बोलते ते मला अजून कळलेलं नाही.

काउंटीची स्वतःची ज्येष्ठांसाठी बस आहे, पण ती बऱ्याच आधी सांगून ठेवावी लागते आणि काउंटीची हद्द ओलांडत नाही. आईचे हृदयाचे डॉक्टर हद्दीपलीकडे चार मैलांवर.

या संस्थेला काउंटीकडून सीडीबीजीचे, म्हणजे केंद्राकडून काउंटीमार्फत येणाऱ्या कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँटचे पैसे मिळायचे. यंदा निम्मे झाले. एक गाडी नुसतीच उभी, हद्दीबाहेरच्या फेऱ्या बंद. त्याच यादीत पाच गावांतले फुटपाथाचे उतार (व्हीलचेअर उतरवायला कोपऱ्यावर करतात ते), एका सीनियर सेंटरचं छप्पर आणि एका बागेतली स्वच्छतागृहं मंजूर. मी जनसुनावणीला गेले, तीन मिनिटं बोलले. काउंटीच्या निवडून आलेल्या कमिशनर मंडळींनी माना डोलावल्या आणि यादी होती तशी मंजूर केली.

फुटपाथ पाच वर्षांनी केला तरी चालतो. ७४ वर्षांच्या बाईला पाच वर्षं थांब म्हणता येत नाही. आधी माणसं बघा, मग सिमेंट. कोणाला वेगळं वाटतं?

उतारचढ:
मला वाटतं. मी एका टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावाच्या नगरपालिकेच्या, इंजिनिअरिंग खात्यात आहे (तुमच्या काउंटीत नाही). राग समजतो, नेम चुकलाय.

सीडीबीजी १९७४च्या कायद्याने आली. त्यात सेवांवर, म्हणजे गाडी, जेवण, शिकवण्या, समुपदेशन यांवर, अनुदानाच्या १५ टक्क्यांहून जास्त खर्च करताच येत नाही. नियोजन आणि प्रशासनावर २० टक्क्यांची मर्यादा. उरलेलं घरदुरुस्ती, छप्पर, फुटपाथ यांतच जाणार. समजा काउंटीला २० लाख डॉलर आले, तर सेवांना फार तर ३ लाख, आणि त्यावर डझनावारी अर्ज. कमिशनरांच्या कितीही मनात असलं तरी फुटपाथाचे पैसे तुमच्या गाडीत घालता येत नाहीत. दोन बरण्या वेगळ्या आहेत.

आणि त्याला सिमेंट म्हणून हिणवू नका. कोपऱ्यावर उतार नसला की व्हीलचेअरवरचा माणूस रस्त्यावरून, ट्रकच्या बाजूने जातो. अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९०चा, कोपरे अजून कितीतरी राहिलेत. तीही माणसंच.

वांगीभात:
सिमेंट म्हटलं ते चुकलं, मागे घेते. पण त्या १५ टक्क्यांतलं कोणाला किती हे तर काउंटीच ठरवते ना? यंदा चार नव्या संस्था आल्या आणि सगळ्यांना थोडं थोडं वाटलं. पंगतीत जिलबी संपत आली की वाढपी अर्धी अर्धी मोडून वाढतो, तसं. पोट कोणाचंच भरलं नाही, फक्त कोणी रुसलं नाही.

शिवाय काउंटीकडे स्वतःचा पैसा आहे. तो कुठे गेला?

घरपट्टीग्रस्त:
"काउंटीचा स्वतःचा पैसा" म्हणजे माझा पैसा, ताई. न्यू जर्सीत मालमत्ता कराचं सरासरी बिल आता वर्षाला १० हजार डॉलरच्या पुढे आहे, देशात सगळ्यांत जास्त. त्यातला निम्म्याहून अधिक शाळांना जातो आणि काउंटीकडे पाचवा हिस्साही जात नाही, हे मान्य. पण चेक मीच फाडतो. वर २०१०च्या कायद्याने काउंटीला, थोडे अपवाद सोडले तर, वसुली वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यात तुरुंग, शेरीफ, पूल, रस्ते आधी. मग तुमची गाडी.

आणि एक विचारतो, राग मानू नका. आता उभी असलेली ही दुसरी गाडी मुळात कशातून आली?

वांगीभात:
कोविडच्या पैशातून.

घरपट्टीग्रस्त:
तेच म्हणतोय. २०२१च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनमधून देशभरातल्या काउंट्यांना ६५ अब्ज डॉलर मिळाले. ३१ डिसेंबर २०२४पर्यंत कोणाला द्यायचे त्याचे करार पूर्ण, २०२६अखेर खर्च पूर्ण. तारखा पहिल्यापासून ठरलेल्या. बोनस आला म्हणून कोणी घराचा हप्ता वाढवून घेतं का? एकदाच येणारा पैसा एकदाच्याच कामाला लावावा. छप्पर एकदा घातलं की वीस वर्षं बघावं लागत नाही. गाडीला दर महिन्याला पेट्रोल, विमा, टायर. म्हणून म्हणतो, फुटपाथाचा निर्णय बरोबर होता.

वांगीभात:
बोनसवर हप्ता आम्ही नाही बांधला, काउंटीने बांधला. लशीच्या केंद्रांवर म्हाताऱ्यांना न्यायला गाड्या हव्या होत्या तेव्हा हीच संस्था आठवली. गाडीपुढे फोटोही निघाले. तेव्हा कोणी म्हणालं नाही की आज्जी, ही सोय २०२४पर्यंतच हं.

निवृत्त सातारकर:
मुलीकडे आलो आहे, म्हणून हा विषय वाचला. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात नोकरी झाली, त्यामुळे राहवत नाही.

तुमची बरणी म्हणजे आमच्याकडचा बंधित निधी, ठरलेल्या कामालाच वापरायचा. केंद्राचा पैसा कसा वाटायचा ते वित्त आयोग सुचवतो. चौदाव्या वित्त आयोगात पैसा थेट ग्रामपंचायतींना गेला, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कोरड्या राहिल्या. पंधराव्यात आम्हांला दहा-दहा टक्के आले, ग्रामपंचायतींना ऐंशी. २०२१-२२पासून त्यातले ६० टक्के बंधित: निम्मे स्वच्छतेला, निम्मे पाण्याला. ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च नाही. म्हणजे गाडी घेतली तरी ड्रायव्हरचा पगार घालता येत नव्हता! ज्या गावात पाणी मुबलक, तिथला सरपंच विचारायचा, साहेब, पाण्यावर अजून काय करू, पोहायला तलाव बांधू का?

तरीही मी बंधनाच्या बाजूचा आहे. मोकळा पैसा कुठे जातो ते पाहिलंय. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, गावच्या वेशीवर कमान. जे उद्घाटनाला दिसतं ते. म्हाताऱ्या बाईला दवाखान्यात नेलं याचा नारळ फोडता येत नाही.

उतारचढ साहेबांना विचारतो, पाच गावांना पाच उतार हे गरज मोजून ठरलं, की प्रत्येकाच्या ताटात काही पडावं म्हणून?

उतारचढ:
काका, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

काउंटीला हा पैसा थेट मिळतो तो 'अर्बन काउंटी' म्हणून. त्यासाठी, स्वतंत्र अनुदान मिळणारी मोठी शहरं वगळून, साधारण २ लाख लोकसंख्या दाखवावी लागते. ती जमते गावांशी केलेल्या करारांतून, दर तीन वर्षांनी. गावं बाहेर पडली तर लोकसंख्या घटते, पैसा घटतो. न्यू जर्सीत तर सगळी जमीन कोणत्या ना कोणत्या गावाच्या हद्दीत. त्यामुळे काउंटीला गावांना धरून ठेवावं लागतं. फुटपाथाचे उतार गरजेचे आहेतच, पण ते डिंकाचंही काम करतात.

दुसरं, वर्ष संपायच्या ६० दिवस आधी वार्षिक अनुदानाच्या दीडपटीहून जास्त पैसा पडून राहिलेला चालत नाही. म्हणून निविदा तयार असलेलं काम पुढे सरकतं. तुमच्या मार्चएंडचीच इंग्रजी आवृत्ती. पण हे कबूल करूनही म्हणतो, गाडीचे पैसे फुटपाथाने खाल्लेले नाहीत. ते दुसऱ्या सेवांनी खाल्ले.

खडूफळा:
त्या दुसऱ्या सेवांपैकी एक मी. म्हणजे वेगळ्या काउंटीत, पण तशाच अर्ध्या जिलबीवर. शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळून गृहपाठ करून घेते. आईवडील गोदामात दोन पाळ्या करतात.

वांगीभात, थोडं कडू लिहिते. या योजनेचा रोख कमी उत्पन्नाच्या लोकांकडे आहे. पण ज्येष्ठ नागरिक म्हटले की नियमच त्यांना त्या गटात धरून चालतो, कागद मागत नाहीत. तुमच्या आई सॉफ्टवेअरवाल्या घरात राहत असतील (अंदाज आहे, चुकला तर सांगा), तरी त्या धरल्या जातात. माझ्याकडच्या प्रत्येक मुलाच्या आईकडून मला उत्पन्नाचा कागद भरून घ्यावा लागतो. निम्म्या बायका तो कागद बघूनच परत यायच्या थांबतात. त्यावर आधी खर्च करा, पावत्या जोडा, मग पैसे. तीन महिने मी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर खाऊ आणलाय.

सुनावणीला माझ्याकडचं कोणी येत नाही. संध्याकाळी सात वाजता ते कामावर असतात. ज्येष्ठ येतात, त्यांची मुलं येतात, छान इंग्रजीत तीन मिनिटं बोलतात. मग नव्या संस्थांना अर्धी जिलबी मिळाली याचा राग नक्की कशाचा?

वांगीभात:
अंदाज बरोबर आहे. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी लॅबमध्ये. आईला टॅक्सीने पाठवणं आम्हांला परवडतं, पाठवतोही. पण त्या गाडीतल्या पोलिश बाईंना नाही परवडत. त्या एकट्या राहतात आणि त्यांचे डॉक्टरही हद्दीपलीकडेच आहेत. मी बोलले आईबद्दल, कारण मला आईच ठाऊक. बोलायला हवं होतं त्यांच्याबद्दल. हे तुम्ही लिहिल्यावर सुचलं.

तरी अर्ध्या जिलबीवर मी ठाम आहे. वीस संस्थांना चिमूटभर देण्यापेक्षा पाचांना पुरेसं द्या, तीन वर्षांचा शब्द द्या. त्या पाचांत माझी नसली तरी.

खडूफळा:
पाचांत माझीही नसणार. छोट्या नेहमी आधी गळतात, कारण अर्ज लिहायला माणूस नसतो. मला अर्धी जिलबीच द्या. तेवढ्यात बारा मुलं बसतात.

बाभूळबन:
सगळे सीडीबीजीवरच अडकलात. न्यू जर्सीत काउंटीच्या ज्येष्ठ-बसला पैसा येतो तो अटलांटिक सिटीच्या जुगारातून! १९७६मध्ये मतदारांनी तिथे कॅसिनोला परवानगी दिली, ती त्यावरचा कर ज्येष्ठ आणि अपंगांसाठी राखून. त्या निधीतला ८.५ टक्के वाटा त्यांच्या वाहतुकीचा, एनजे ट्रान्झिट या राज्याच्या वाहतूक संस्थेमार्फत काउंट्यांना मिळतो. २०१४मध्ये एकाच वर्षात १२ पैकी ४ कॅसिनो बंद पडले. कॅसिनोची कमाई घसरली की बसच्या पैशालाही ओहोटी.

हद्द न ओलांडण्याचा नियम त्या बसचा आहे. मग सेवाभावी संस्थेकडून हद्द ओलांडून घेण्यापेक्षा दोन काउंट्यांनी आपसांत करार का करू नये? भांडायचंच तर तिथे भांडा.

घरपट्टीग्रस्त:
हे पटलं. यात माझा खिसा नाही.

निवृत्त सातारकर:
आजींची बस मटक्यावर चालते म्हणायची!

वांगीभात:
आईला सांगितलं. म्हणाली, मग एकादशीला नको बाई ती बस.

उतारचढ:
एक कामाची गोष्ट सांगतो. तुम्ही गेलात ती सुनावणी यादी तयार झाल्यावरची. तिथे फार तर स्वल्पविराम बदलतो. नियमाप्रमाणे वर्षात किमान दोन सुनावण्या वेगवेगळ्या टप्प्यांवर व्हाव्या लागतात. पहिली गरजा विचारायची असते, यादीचा मसुदा निघायच्या आधी. तिथे बहुतेक वेळा खुर्च्याच जास्त असतात. तिची तारीख काउंटीच्या सामुदायिक विकास खात्याकडून काढा. पोलिश बाईंना न्या. आणि खडूफळा, मुलांच्या आया येऊ शकत नसतील तर लेखी पत्रंही नोंदीत जातात, घेणं बंधनकारक आहे.

खडूफळा:
कोणत्या भाषेत? त्या स्पॅनिशमध्ये लिहितील.

उतारचढ:
लिहू दे. भाषांतर करून घ्या अशी मागणी काउंटीकडे करा.

घरपट्टीग्रस्त:
वांगीभात, तुमची काउंटी कोणती ते मी ओळखलंय. माझीही तीच. पहिल्या सुनावणीला मीही येणार. दोन काउंट्यांच्या कराराच्या बाजूने बोलेन, गाडीच्या विरोधात.

वांगीभात:
जरूर या. तीन मिनिटंच मिळतात, जपून वापरा. आणि त्या दिवशी आमची गाडी उभीच असणार, तर येताना पोलिश बाईंना घेऊन याल का? तुमच्या रस्त्यावरच असतील.