पुनर्वसूतला ग्रह

एकाने विचारलंय, तारा फुगून राक्षसी झाला तर त्याचे ग्रह आधीच गिळले जायला हवेत, मग त्याच्याभोवती एखादा ग्रह उरतो कसा? पुनर्वसूतल्या पोलक्स या राक्षसी ताऱ्याचं उदाहरण घ्या. अंतर फक्त 34 प्रकाशवर्षं. सूर्याच्या साधारण नऊपट रुंद, पण त्याचा ग्रह आपल्या मंगळापेक्षाही जरा लांबून फिरतो, एका फेरीला सुमारे 590 दिवस. अजून तरी भरपूर जागा आहे. ग्रहाचं वस्तुमान गुरूच्या किमान दुप्पट, तो 2006 साली जाहीर झाला.

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडून तो ग्रह दिसेल का, तर नाही. मोठ्या वेधशाळांनीही तो पाहिलेला नाही. ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) रेषा किंचित सरकतात, तेवढंच मोजलंय. हा डोल सेकंदाला 45 मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या मुंबई-आग्रा हायवेवर एखादा येडा गाडी हाणतो तेवढाच वेग!

पण राक्षसी तारे स्वतःही धडधडतात, त्यांच्यावर डाग असतात, आणि फसवा डोल दिसू शकतो. रोहिणीभोवतीच्या ग्रहाचा 2015 चा दावा पुढे अशाच शंकेत सापडला. त्यामुळे 'नवा ग्रह सापडला' अशा बातमीवर मी तरी लगेच उड्या मारत नाही.

तारा मात्र जरूर बघा. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास नाशिकहून जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला. पुनर्वसूतल्या दोन ताऱ्यांच्या जोडीतला जास्त तेजस्वी, नारिंगी तो पोलक्स. दुर्बीण नसली तरी चालेल.