घड्याळ आणि गोंदण

वर कुणीतरी म्हटलंय की आईवडलांना स्मार्टवॉच बांधलं की पुण्यात बसून पल्स बघता येतो, मग टेन्शन नाही. बरोबराय, पण आमच्या आजीच्या हातावर आकडाच येईना, नुसतं गोल फिरत बसायचं. कारण काय तर मनगटावरचं गोंदण! घड्याळाखालचा हिरवा लाईट कातडीतून रक्तापर्यंत जाऊन परत यावा लागतो आणि गोंदणाची शाई तोच अडवती. कोल्हापूरकडं जुन्या बायकांच्या हातावर हे असतंयच की. मग दुसऱ्या हाताला, बांगड्यांच्या वर जरा आवळून बांधलं तेव्हा कुठं आकडे आले. आणि ॲपलचं घेणार असाल तर पडल्यावर आपोआप फोन लावणारं फीचर वय ५५ किंवा त्याच्या पुढं असेल तरच आपसूक कायम चालू राहतंय, त्यामुळं सेटअपला स्वतःची जन्मतारीख टाकू नका.