परदेशातून विधानसभेचा निकाल बघायला काय वापरता?

स्टुटगार्टचा_सातारी:
मंडळी, सल्ला हवाय. घरात टीव्ही नाही, घ्यायचाही नाही. बजेट महिना ५ युरो, फुकट असेल तर उत्तमच. आमच्या मतदारसंघात कुठल्या फेरीला कोण किती मतांनी पुढे, एवढंच हवंय. २०२४ ला २३ नोव्हेंबरला पहाटे साडेतीनला उठून बसलो तर नुसत्या जाहिराती आणि पॅनेलवरची भांडणं.

जर्सीची_काकू:
आम्ही ६५ इंची टीव्ही घेतला आणि सगळ्या मराठी चॅनलचं पॅकेज. तिकडे सकाळचे ८ म्हणजे आमच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ, जेवणं आटपून सगळे आमच्याकडेच जमतात. घेऊन टाका हो टीव्ही, किती काटकसर करणार!

बोका_बर्मिंगहॅम:
काकू, त्याने टीव्ही नको लिहिलंय. व्हीपीएन घे रे, नेट भारतातून लावल्यासारखं चालतं. मी एकाचं वर्षाचं घेतलं, ऐन निकालाला बंद पडलं, पैसे अजून मागतोय. तरी घेच, फक्त दुसऱ्या कंपनीचं.

फेरीमास्तर:
व्हीपीएन कशाला? मराठी चॅनल यूट्यूबवर लाइव्ह असतात. आकडे हवेत तर निवडणूक आयोगाच्या निकालाच्या साइटवर राज्य निवड, मतदारसंघ निवड, फेरीनिहाय तक्ता येतो. चॅनलच्या थोडं मागे असतं पण आकडा अधिकृत. आणि साडेतीनला उठूच नकोस, ८ ला टपाली मतं सुरू होतात, ईव्हीएम साडेआठला. साधारण १४ टेबलं असतात, म्हणजे साडेतीनशे बूथ असले तर २५ फेऱ्या, आणि पहिल्या तीन-चार फेऱ्यांत तालुक्याचा एकच कोपरा मोजून झालेला असतो, त्यावर गुलाल उधळायचा नाही. महापालिका, झेडपी असेल तर मात्र या साइटवर शोधू नकोस, ते राज्य निवडणूक आयोगाचं काम.

जर्सीची_काकू:
यूट्यूबवर पण लाइव्ह असतं बरं का, फुकट. आम्ही तर एक्झिट पोललाही जमतो.

बोका_बर्मिंगहॅम:
कसले एक्झिट पोल, २०२४ लोकसभेला बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर दिल्या होत्या, आल्या २९३.

ओसीआय_आजोबा:
बघत काय बसता, मतदान करा! आता घरबसल्या पोस्टाने मत देता येतं.

फेरीमास्तर:
नाही हो आजोबा. ती सोय सैन्यातल्या, वकिलातीतल्या वगैरे लोकांना. एनआरआयने फॉर्म ६ए भरायचा, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं, मग मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर जायचं. ओसीआयवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना, तर मतच नाही.

ओसीआय_आजोबा:
एवढी वर्षं डॉलर पाठवतोय ते चालतात!

बोका_बर्मिंगहॅम:
नागरिकत्व तुम्हीच सोडलंत ना आजोबा.

सिडनीवाला_बंड्या:
निकाल लागला की संपलं असं समजू नका. २०१९ ला निकाल २४ ऑक्टोबरला, तो सकाळचा शपथविधी २३ नोव्हेंबरला आणि २६ ला राजीनामा. इथे दुपार होती, मला लगेच कळलं. युरोपवाले घोरत होते.

स्टुटगार्टचा_सातारी:
सगळ्यांचे आभार, फेरीमास्तरांचे जास्त. पण ठरलं. मामा त्या दिवशी दुकान बंद ठेवून टीव्हीसमोरच बसतो, त्याला व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीकडे तोंड करून ठेवायला सांगणार. भांडणं तिथेही आहेतच, पण मामाच्या शिव्या ऐकायला मिळतील.

फेरीमास्तर:
अरे मग तक्ता कोण बघणार? आणि मामाकडची लाइट गेली तर?

स्टुटगार्टचा_सातारी:
इन्व्हर्टर आहे.