मदत हवी आहे : राजगड–तोरणा, तीन दिवस. गाडी कोठे ठेवावी आणि धारेवरची वाट कशी आहे?

निळा डोंगर :
नमस्कार. येत्या शुक्रवारी आम्ही राजगड–तोरण्याला निघत आहोत आणि रविवारी संध्याकाळी परतायचे आहे. दोन रात्री गाडी कोठे ठेवावी, याचे सरळ उत्तर मला चार दिवसांत कोणाकडूनही मिळालेले नाही. ज्यांना विचारतो ते राजगडाच्या संजीवनी माचीचे (गडाच्या लांब सपाट सोंडेचे) वर्णन करतात आणि थांबतात. पाऊस नुकताच उघडला आहे, त्यामुळे दोन्ही गडांना जोडणाऱ्या डोंगरधारेवरची वाट मोकळी झाली आहे का, हेही कळायला हवे. मला आज रात्रीच सोबत्यांना कळवायचे आहे, म्हणून कृपया नेमके सांगावे.

कारवीची फुले :
आपण राजगड चढणार कोठून, पायथ्याच्या गुंजवणे गावातून की पालीकडून? येणार कोठून, माणसे किती आणि गाड्या किती? हे कळल्याशिवाय गाडीविषयी काय सांगणार?

निळा डोंगर :
गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढून तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्यात उतरणार. सगळे असेच करतात, म्हणून लिहिले नाही. ठाण्याहून पाच जण एकाच गाडीने येत आहोत.

मावळचा वाटसरू :
एकच गाडी असेल तर ती ट्रेकच्या शेवटाला ठेवावी, सुरुवातीला नाही. शुक्रवारी सकाळी थेट वेल्ह्यात जा, ज्या घरी किंवा खानावळीत रविवारी जेवणार आहात त्यांच्याच अंगणात विचारून गाडी लावा, आणि तेथूनच जीप ठरवून गुंजवण्याला या. वेल्हे आणि गुंजवणे नकाशावर शेजारी दिसतात. रस्त्याने मात्र वेल्ह्यातून विंझरवरून मार्गासनीपर्यंत खाली यावे लागते आणि तेथून साखरवरून पुन्हा आत जावे लागते. वेल्ह्याहून नसरापूरकडे वडाप (माणशी भाड्याची जीप) मिळते, पण रविवारी अंधार पडताना गुंजवण्याला जाणारे वाहन शोधत पाच थकलेली माणसे रस्त्यावर उभी राहिलेली मी स्वतः पाहिली आहेत.

जुना भिडू :
मला हे पटत नाही. गुंजवण्यात वर्षभर ट्रेकर येतात, तेथील घरांतून गाड्या लावून घेतात, रात्रीचे जेवणही मिळते आणि आपली गाडी कोणाच्या दारात आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते. मी नेहमी तेथेच ठेवतो आणि परतीची जीप त्याच घरातून आधी ठरवून ठेवतो. एक काळजी मात्र घ्यावी. एकदा घाईत पेंढ्याच्या गंजीला खेटून गाडी लावली होती. तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवली तर दिवे लागेनात, आणि बॉनेट उघडले तेव्हा कुरतडलेल्या वायरींवर उंदरांनी ओढून आणलेल्या पेंढ्याचे घरटे होते.

मावळचा वाटसरू :
जीप ठरवलेली असली तरी वेळ आपल्या हातात नसते. तोरण्यावरून उतरायला दोन तास उशीर झाला तर ती जीप थांबेलच असे नाही. आपली गाडी मात्र उभीच असते.

लिंगाण्याच्या वाटेवर :
तीन दिवस हाताशी असतील तर तोरण्यावरून मोहरी गाठून बोराट्याच्या नाळेने (अरुंद घळीने) रायगडाकडे उतरावे. राजगड, तोरणा आणि रायगड सलग चालण्यासारखे दुसरे सुख नाही, आणि मग गाडीचा प्रश्नच उरत नाही, कारण येताना-जाताना एसटीनेच जावे लागते.

निळा डोंगर :
सूचनेबद्दल आभारी आहे, परंतु रायगडाला जायचे नाही. वाटेविषयी कोणी सांगेल का?

कारवीची फुले :
मी गेल्या रविवारीच या वाटेने गेले होते. संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून उतरताना गवत कमरेइतके आहे आणि खालचा घसारा (सुट्या माती-दगडांचा उतार) त्यात दिसत नाही, म्हणून काठीने चाचपत उतरावे. पुढे धारेवर पायवाट ठळक आहे. फक्त कारवीत ती दोन-तीन ठिकाणी फुटते, तेथे धार सोडून खाली जाणारी वाट घेऊ नये. मोज्यांत इतकी कुसळे रुतली होती की दर अर्ध्या तासाने बसून उपसावी लागत होती, तेव्हा पूर्ण पँट घालावी. वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता ज्या खिंडीत धार ओलांडतो, तेथवर चाल सोपी आहे. खरा कस त्यानंतर लागतो. तोरण्याच्या बुधला माचीखालचा चढ उभा आणि मुरमाड आहे, आणि शेवटी लोखंडी शिडी आहे. आम्हाला गडापासून गडापर्यंत आठ तास लागले. धारेवर भरवशाचे पाणी नाही, म्हणून राजगडावरून निघतानाच माणशी किमान तीन लिटर भरून घ्यावे. आणखी एक, राजगडावर मुक्कामाला सध्या परवानगी आहे का, हे गुंजवण्यात आधी विचारावे. नसेल तर खाली गावात झोपून पहाटे चढावे.

निळा डोंगर :
फार आभारी आहे. एक सांगायचे राहिले. आमच्यात माझे वडील आहेत, वय त्रेसष्ट. चालण्याची सवय आहे, पण गेल्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे.

जुना भिडू :
अहो, हे सर्वांत आधी सांगायला हवे होते! मग चोर दरवाजा नकोच. शेवटच्या टप्प्यात कातळावर रेलिंगला धरून चढावे लागते आणि गुडघ्यावर सगळा भार येतो. पालीकडून पायऱ्यांची रुंद वाट आहे, तिनेच त्यांना न्यावे.

मावळचा वाटसरू :
भिडूंशी मी येथे पूर्ण सहमत आहे. पालीहून चढणार असलात तरी गाडी वेल्ह्यातच ठेवा आणि जीपने पालीला या. दुसऱ्या दिवशी बाबांना धारेवरून भुतोंडे खिंडीपर्यंतच आणावे. तेथे डांबरी रस्ता आहे, म्हणून वेल्ह्यातली तीच जीप दुपारी खिंडीत बोलावून ठेवता येईल. आळू दरवाजाखालच्या घसाऱ्यावर मात्र एक जण त्यांच्या पुढे आणि एक मागे असावा. एखाद्याने त्यांच्यासोबत खिंडीतून वेल्ह्यात उतरून मुक्काम करावा आणि बाकीच्यांनी तोरणा चढावा. रविवारी सगळे गाडीपाशीच भेटाल.

निळा डोंगर :
हेच करतो. खिंडीतून मीच बाबांबरोबर उतरेन, तोरणा मला पुन्हा करता येईल. वेल्ह्यातली जीप आदल्या दिवशी ठरवावी लागते की सकाळी मिळते?

मावळचा वाटसरू :
आदल्या दिवशीच ठरवावी, आणि खिंडीतली वेळ ठरवताना दीड तास जास्तीचा धरावा.