मदत हवी आहे: टोरंटो—डॅनफर्थ मतदारसंघाचा इतिहास लिहितेय, धागेदोरे जुळत नाहीयेत

शेवगाशेंग

नमस्कार मंडळी,

इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकाला यंदा 'आपण राहतो तो मतदारसंघ' असा विषय घ्यावा, असं मीच बैठकीत सुचवलं. सुचवणाऱ्याच्या गळ्यात घोंगडं पडतं, तसं ते पडलं. दीड हजार शब्द द्यायचेत, हातात तीन आठवडे आहेत.

मी टोरंटोच्या पूर्व भागात, ग्रीनवुड रस्त्याच्या जवळ राहते. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं आणि २०२५ मध्ये दोन महिन्यांत दोनदा मतदान केलं: २७ फेब्रुवारीला प्रांताचं, २८ एप्रिलला संसदेचं. दोन्ही कार्डांवर नाव एकच, टोरंटो—डॅनफर्थ. महापालिकेतला वॉर्ड क्रमांक १४, त्याचंही नाव टोरंटो-डॅनफर्थ. म्हटलं, सोपं आहे. मग तिन्हींचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले, तर ते जुळेनात! एकाच नावाचे तीन मतदारसंघ कसे असू शकतात? इथेच गाडी अडली.

आत्तापर्यंत जमवलेलं असं:

आधी ब्रॉडव्ह्यू नावाचा मतदारसंघ होता, १९३५ च्या निवडणुकीपासून. शेजारी ग्रीनवुड. १९७६ च्या फेररचनेत दोघांचं ब्रॉडव्ह्यू—ग्रीनवुड झालं आणि २००० साली नाव बदलून टोरंटो—डॅनफर्थ. खासदारांची यादी केली आहे: टॉमी चर्च, जॉर्ज हीस, जॉन गिल्बर्ट, बॉब रे, लिन मॅकडोनाल्ड, डेनिस मिल्स, जॅक लेटन, क्रेग स्कॉट, आणि २०१५ पासून जुली डाब्रुसिन. २००३ मध्ये खासदार लेटन एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, इथला डावीकडे झुकणारा पक्ष) पक्षाचे नेते झाले, वगैरे.

पण लिहून झाल्यावर वाचलं तर शाळेतल्या सनावळ्यांसारखं वाटतंय. नवऱ्याने वाचून "छान आहे" म्हटलं. एवढंच. म्हणजे छान नाही.

तर जाणकारांनी मदत करावी:
तीन नकाशांचं गौडबंगाल काय आहे? इथे कोणकोण राहतं, मराठी किती, हे आकडे कुठे मिळतील? आणि 'रायडिंग'ला मराठीत काय म्हणू? इथे सगळे मतदारसंघाला रायडिंग म्हणतात आणि मला दर वेळी घोडा दिसतो.

ठाकुर्ली फाटक

घोडा सोडा. हा शब्द इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा. त्या परगण्याचे तीन भाग होते, एकेक 'तिसरा हिस्सा' म्हणून तो शब्द, त्यातला आधीचा 'थ' झिजून गेला. मराठीत सरळ मतदारसंघच लिहा. 'तिहाई' लिहिलंत तर लोक तबला काढतील.

नकाशाचं म्हणाल तर आम्हा डोंबिवलीकरांना ही जखम माहीत आहे. २००८ पर्यंत आम्ही लोकसभेला ठाण्याचे, फेररचनेनंतर एकदम कल्याणचे. घर तिथेच, फाटकही तिथेच, खासदार वेगळा. पण आपल्याकडे हे क्वचित होतं. कुठल्या राज्याला लोकसभेच्या किती जागा, हे अजून १९७१ च्या जनगणनेवर गोठलेलं आहे. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

आकडेमोड

कॅनडात दर दहा वर्षांनी होतं, जनगणना झाली की लगेच. १९६४ च्या कायद्यापासून प्रत्येक प्रांताला तीन जणांचा स्वतंत्र आयोग असतो. पुढाऱ्यांनी आपापल्या सोयीने रेघा मारू नयेत म्हणून तो कायदा. प्रांताची लोकसंख्या भागिले जागा, हा सरासरी आकडा धरायचा आणि प्रत्येक मतदारसंघ शक्यतो त्याच्या २५ टक्के खालीवर ठेवायचा. २०२१ च्या जनगणनेत ओंटारिओ, म्हणजे टोरंटोचा प्रांत, १ कोटी ४२ लाखांच्या वर, जागा १२२, म्हणजे मतदारसंघामागे साधारण १ लाख १६ हजार माणसं. मतदार नव्हे, माणसं, तान्ह्या बाळांसकट. फाटकसाहेब, तुमच्या कल्याणला २०२४ मध्ये नुसते मतदारच वीस लाखांच्या वर होते.

शेवगाशेंग, तुमचं गौडबंगाल असं: ओंटारिओने १९९९ पासून प्रांतिक निवडणुकीला संसदेचेच नकाशे उचलले. २०१८ मध्ये प्रांत सरकारने महापालिकेचे ४७ वॉर्ड ठरले असताना ते २५ वर आणले आणि तेही त्याच नकाशावर बसवले. तेव्हा तिन्ही रेघा एकावर एक होत्या. मग २०२३ ची नवी फेररचना आली. संसदेच्या जागा ३३८ वरून ३४३ झाल्या, ओंटारिओला एक वाढली, पण टोरंटो शहराची एक कमी होऊन २५ च्या २४ झाल्या. नवा नकाशा फक्त संसदेला लागू. प्रांत आणि पालिका जुन्याच नकाशावर राहिले. नाव तेच, अंगरखा वेगळा.

जुना टोरंटोकर

आमचं तर नावही गेलं. आम्ही डॉन व्हॅली ईस्टचे. संसदेच्या नकाशातून तो मतदारसंघच नाहीसा झाला, नावाचा तुकडा स्कारबरो सेंटरच्या शेपटीला जोडला: स्कारबरो सेंटर—डॉन व्हॅली ईस्ट. प्रांतात मात्र आम्ही अजून अखंड डॉन व्हॅली ईस्ट आहोत. फेब्रुवारीत आहे, एप्रिलमध्ये नाही.

शेवगाशेंगताई, दोन दुरुस्त्या सुचवतो, राग मानू नका. एक: लेटन २००३ च्या जानेवारीत पक्षाचे नेते झाले तेव्हा खासदार नव्हते, नगरसेवक होते. १९९७ मध्ये ते इथूनच उभे राहून डेनिस मिल्सकडून पडले होते. खासदार झाले ते २००४ मध्ये, त्याच मिल्सना हरवून. दोन: तुमच्या यादीत चूक नाही, पण भोक आहे. १९६३ ते ६५ ब्रॉडव्ह्यूत लिबरल पक्षाचे डेव्हिड हान होते. त्यापेक्षा महत्त्वाचं, तुम्ही फक्त ब्रॉडव्ह्यूचा वंश धरलात, ग्रीनवुडचा सोडलात. तुम्ही स्वतः ग्रीनवुडच्या! तिथे १९६२ ते ७९ अँड्र्यू ब्रूइन होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी वंशाच्या कॅनेडियन लोकांना देशाबाहेर घालवायचं घाटत होतं, त्याविरुद्ध कोर्टात लढलेले वकील. त्यांना वगळून त्या मतदारसंघाचा इतिहास लिहिणं म्हणजे पोळीतून पुरण काढण्यासारखं आहे.

शेवगाशेंग

काका, राग कसला, वाचवलंत. हे छापून आलं असतं तर पुढची पाच वर्षं ऐकवलं गेलं असतं.

पण मूळ अडचण तशीच आहे. नावं वाढली, गोष्ट नाही झाली. टॉमी चर्च आणि जॉर्ज हीस कॉन्झर्व्हेटिव्ह, आणि १९६५ नंतर हाच भाग बराच काळ एनडीपीचा गड. का? माणसं तीच होती की बदलली?

जुना टोरंटोकर

माणसं बदलली, आणि ती पुलावरून आली. माझं ऐका, खासदारांपासून सुरुवात करूच नका. नदी आणि पूल यांपासून करा.

मतदारसंघाची पश्चिमेची हद्द डॉन नदी. फेररचना कितीही झाल्या तरी ती रेघ हलवायची कोणाला फारशी गरज पडली नाही, कारण ती देवाने आखलेली आहे. खोल दरी. शहर पलीकडे, आणि अलीकडे वीटभट्ट्या, चिखल, भाजीचे मळे. तुमच्या ग्रीनवुड रस्त्यालगत मोठ्या वीटभट्ट्या होत्या. आज सबवेच्या गाड्यांचं जे यार्ड आहे ते माती काढून झालेल्या जुन्या खाणीवर आहे. ऑक्टोबर १९१८ मध्ये दरीवर प्रिन्स एडवर्ड व्हायाडक्ट खुला झाला आणि डॅनफर्थ रस्ता शहराला जोडला गेला. पूल बांधतानाच खालच्या बाजूला रेल्वेसाठी मजला ठेवला होता. त्यावरून पहिली गाडी धावली १९६६ मध्ये, सबवे आली तेव्हा. अठ्ठेचाळीस वर्षं तो मजला वाट पाहत होता. मला कोणी या शहराबद्दल एक गोष्ट सांग म्हटलं तर मी हीच सांगतो.

पुलानंतर कामगारांची घरं झाली, बहुतेक ब्रिटिश वंशाची, राजनिष्ठ माणसं. टॉमी चर्च आधी शहराचे महापौर होते, त्यांना ती डोक्यावर घेत. युद्धानंतर ग्रीक आले, इटालियन आले. सत्तरच्या दशकात जुन्या चायनाटाउनमधली भाडी वाढली, तेव्हा काही दुकानदार ब्रॉडव्ह्यू आणि जेरार्डच्या चौकात आले. आणि १९७२ मध्ये जेरार्डवर ग्यान नाझ यांनी जुनं थिएटर घेऊन हिंदी सिनेमे लावायला सुरुवात केली. नाझ थिएटर. उत्तर अमेरिकेत फक्त दक्षिण आशियाई सिनेमे दाखवणारं ते पहिलं. सिनेमाला आलेली माणसं भुकेली असतात, म्हणून शेजारी खाण्याची दुकानं, मग साड्या, मग किराणा. इंडिया बाजार असा झाला. आम्ही रविवारी तिथे जायचो ते सिनेमापेक्षा कोथिंबिरीसाठी, हे आता कबूल करतो.

ठाकुर्ली फाटक

काका, हे वाचून वाचनखूण साठवली. डॅनफर्थ कोण? ग्रीक वाटत नाही.

जुना टोरंटोकर

एसा डॅनफर्थ, अमेरिकन कंत्राटदार. १७९९ मध्ये त्याने पूर्वेकडे जाणारा रस्ता बांधायला घेतला. गंमत म्हणजे आजचा डॅनफर्थ अ‍ॅव्हेन्यू त्याने बांधलेलाच नाही. त्या रस्त्यावरच्या पाट्या मात्र आज इंग्रजी आणि ग्रीक लिपीत आहेत.

आकडेमोड

आकड्यांकडे येतो. सरकारी सांख्यिकी खात्याच्या संकेतस्थळावर 'सेन्सस प्रोफाइल'मध्ये मतदारसंघ निवडता येतो. जुना नकाशा की नवा, ते नीट बघा, तिथेच लोक फसतात. मातृभाषांच्या यादीत खाली स्क्रोल केलं की मराठी स्वतंत्र दिसते.

दोन इशारे. भाषांचे आकडे गोपनीयतेसाठी ५ च्या पटीत वरखाली केलेले असतात. तेव्हा 'आमच्या मतदारसंघात इतके मराठी' असं छातीठोक लिहू नका, लहान आकड्यांत तेवढी गडबड पुष्कळ होते. दुसरं, 'मातृभाषा' आणि 'घरात जास्त बोलली जाणारी भाषा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ग्रीकांच्या बाबतीत दोन्ही शेजारी ठेवून पाहा. दुकानं, चर्चं, पाट्या डॅनफर्थवर, पण मुलं-नातवंडं केव्हाच उपनगरांत पांगली. रस्ता पाहून मतदारसंघाचा अंदाज केलात तर चुकाल. इंडिया बाजाराचंही तसंच: खरेदीला येणारे बरेचसे ब्रॅम्प्टन, मिसिसॉगाहून येतात आणि मत तिकडे देतात.

शेवगाशेंग

हे अगदी पटलं. परवाच जेरार्डवर बाहेर शेगडीवर कणीस भाजणाऱ्या काकांना विचारलं, तुम्ही इथले मतदार का? लिंबू फिरवत म्हणाले, "मत स्कारबरोत, भुट्टा इथे." कणीस मात्र करपवलं.

आता रचना अशी करतेय, बघा जमतंय का. सुरुवात व्हायाडक्टखालच्या रिकाम्या मजल्याने. मग वीटभट्ट्या. मग ब्रॉडव्ह्यू आणि ग्रीनवुड दोन्ही, ब्रूइनसकट. बॉब रे यांच्यावर थोडं थांबेन: डिसेंबर १९७९ मध्ये पंतप्रधान जो क्लार्क यांचं अल्पमतातलं सरकार १३९ विरुद्ध १३३ असं पडलं, तो अविश्वासाचा प्रस्ताव मांडणारा ब्रॉडव्ह्यू—ग्रीनवुडचा हा तरुण खासदार, पुढे ओंटारिओचा मुख्यमंत्री. आणि लिन मॅकडोनाल्ड यांचं धूम्रपानबंदीचं खासगी विधेयक, १९८८ मध्ये मंजूर झालेलं. ऑफिसात कोणी सिगरेट ओढत नाही हे आमच्या भागाचं देणं आहे, असं लिहायचा मोह होतोय.

डॉन तुरुंग घालावा का? ब्रॉडव्ह्यू आणि जेरार्डपाशीच आहे, कॅनडातली शेवटची फाशी तिथे झाली, ११ डिसेंबर १९६२. पण दिवाळी अंक आहे.

ठाकुर्ली फाटक

घाला. करंजीशेजारी कारल्याचा काप चालतो. आणि मोहही आवरू नका.

जुना टोरंटोकर

लेटन यांच्या बाबतीत एक करा. २०११ च्या मे महिन्यात १०३ जागा जिंकून विरोधी पक्षनेते झाले आणि २२ ऑगस्टला गेले, एवढंच लिहून पुढे जाऊ नका. त्या दिवसांत नगरपालिकेसमोरच्या चौकात लोकांनी फरशीवर, भिंतींवर खडूने निरोप लिहिले होते. मी पाहिले आहेत. पाऊस पडून ते धुऊन गेले की लोक परत येऊन लिहीत. मी मराठीत लिहिलं होतं, एकच ओळ, ती सांगत नाही.

शेवगाशेंग

काका, ती ओळ मागत नाही. पण तुम्ही मराठीत लिहिलं होतंत, एवढं लेखात घेऊ का?

जुना टोरंटोकर

घ्या. नाव नको.

आकडेमोड

शेवटचं एक, छपाईचं. संसदेच्या मतदारसंघाच्या नावात दोन गावांच्या मध्ये लांब रेघ असते, टोरंटो—डॅनफर्थ. वॉर्डाच्या नावात लहान. मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो सगळ्या सारख्या करेल आणि तुमचे तीन मतदारसंघ परत एक होतील.